पत्त्यावर राहत नाही

चौतीस वर्षं टपाल वाटलं मी सायकलवर,
मंगळवार पेठ, बुधवार पेठ,
शुक्रवारातून शनिवारात,
आणि एकदाही डोक्यात आलं नाही
की रोज जेवणाच्या सुट्टीआधी
आपण चार ग्रह पालथे घालतो.
गुरूची पेठ कुठं होती, मला ठाऊक नाही.
गुरू होता उद्यमनगरात, लेथवर वाकलेला :
दस्तगीर मिस्त्री,
कानामागं पेन्सिल, नखांत ग्रीस.

त्यानंच सांगितलं, गंगावेशीत,
धारोष्ण दुधाच्या फेसाची मिशी पुसत,
"लुकलुकतो तो तारा.
टक लावून बघतो तो ग्रह.
चार-आठ दिवसांनी बघ, जाग्यावर नसतो गडी."

मला लगेच कळलं.
तारे म्हणजे सात-बाऱ्यावर नाव लागलेले.
ग्रह भाडेकरू.
शनी तेवढा अडीच वर्षं खोली सोडत नाही.
बाकीच्यांच्या पाकिटांवर
‘सदर इसम या पत्त्यावर राहत नाही’
हा शेरा माझ्या हातानं किती वेळा लिहिलाय.

आरसा त्यानं आठ महिने घासला,
एमरीची पूड, मग त्याहून बारीक, मग त्याहून.
नळी पीव्हीसीची,
बैठक रसवंतीच्या घाण्यातल्या जुन्या बेअरिंगवर.
"ऊस पिळलाय ह्यानं," म्हणाला,
"आभाळातनं बी काहीतरी निघंलच."

पौषात रंकाळ्यावर गेलो.
टॉवरकडं भेळेच्या गाड्यांचे दिवे नडतात
म्हणून संध्यामठाच्या अंगाला सरकलो.
पश्चिमेला शुक्र असा ठळक
की पाण्यात त्याचा ओरखडा.
जरा वर शनी, मळकट, अंग चोरून.

कृष्णात आला. दर शनिवारी तेल वाहणारा,
साडेसातीचं शेवटचं अडीचकं चालू.
डोळा लावायला तयार नाही.
"आपण बघितलं तर त्यो बी बघंल की."
"भावा, तो बघतोयच," दस्तगीर म्हणाला,
"निदान ओळख तरी करून घे."
कृष्णात वाकला.
कुणीतरी खोकलं. पाण्यात मासा उडाला.
"एवढासा?" म्हणाला.
आणि बऱ्याच वेळानं,
"कमरेला करदोटा हाय की.
तान्ह्या पोरागत."

बुध मात्र गावत नाही.
मावळतीच्या उजेडात येतो, दार लावून जातो.
रजिस्टर पत्र घेऊन तीनदा जावं
आणि तिन्ही वेळा कुलूप.
चौथ्यांदा तो दिसला तेव्हा
मी सवयीनं घड्याळ बघितलं :
सहा पंचेचाळीस. पोहोच.

यंदा दस्तगीरच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
एकाचं ऑपरेशन झालं, बसलं नाही नीट.
शुक्र त्याला कणकेच्या गोळ्यागत दिसतो,
शनी दिसतच नाही.
तरी येतो, रिक्षानं, मफलर गुंडाळून.
बेअरिंगवर तेलाचे दोन थेंब सोडतो,
चाचपत नळी फिरवतो
आणि म्हणतो, "हं. वाच."

बुधवारात शेवंताक्का होती,
पोराचं पत्र माझ्याकडून वाचून घ्यायची.
दोन ओळींचं असलं तर मी चार वाचायचो.
तिला कळायचं, मला वाटतं.
इथं तसलं काही करत नाही.
आहे तेच सांगतो :
गुरूजवळ चार ठिपके,
तीन अलीकडं, एक पलीकडं.
"काल?"
"काल दोन-दोन."
तो बोटांची पेरं मोजतो,
"म्हंजे आतला वळसा घालून आला," म्हणतो,
आणि मान हलवतो, जणू
ते चाक त्यानंच बसवलेलं.

भेळवाले गाड्या झाकतायत.
एकेक दिवा जातो तसं
आभाळ थोडं खाली येतं.
मी नळी पुसायला घेतो.
"थांब की जरा," दस्तगीर म्हणतो,
"मंगळ यायचाय अजून."
आणि तळ्याकडं पाठ करून बसतो,
तोंड गावाकडं,
मंगळवार पेठेच्या बाजूला.